नाव सांग, घेऊन जा

यमुनाबाई चुरी लहान मुलांना फूस लावून घराघरांतल्या वस्तू चोरायला लावते आणि जिन्याखालच्या खोलीत त्या वस्तूंवर मंत्र टाकते, अशी बातमी उमेळ्याच्या मोगरा हाइट्समध्ये तिसऱ्या मजल्यावरून सुटली, आणि लिफ्ट बंद असूनही दुपारच्या आत सातव्या मजल्यावर पोहोचली.

आता यातलं खरं किती ते आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणारे उगाच आपापली कपाटं तपासत बसतील. चोरी एकही झाली नव्हती. ज्यांनी ज्यांनी ‘आपलं काय गेलं’ म्हणून घर उलथंपालथं केलं, त्यांना सगळं जागच्या जागी सापडलं. वर एकेक वस्तू जास्तीची सापडली! दुसऱ्या मजल्यावरच्या कल्पेशच्या आईला चपलांच्या स्टँडमागे लोखंडी, दोन पात्यांचं, कात्रीसारखं पण कात्री नव्हे असं एक हत्यार मिळालं. चौथ्या मजल्यावर नताशाच्या खेळण्यांत पितळेचं, बुडाला काळं पडलेलं एक जाड माप निघालं. पाचव्यावर कुणाच्या तरी पलंगाखाली दोन्हीकडून उघडी अशी वीतभर लोखंडी नळी. घरातलं काही गेलं तर माणूस चौकीत जाऊन तक्रार तरी करतो. पण न मागता कुणी घरात आणून ठेवत असेल, तर तक्रार कसली करायची? त्यामुळे बातमी खोटी ठरली, पण संशय मात्र दुप्पट झाला.

सगळ्यात जास्त तो तिसऱ्या मजल्यावरच्या संपदा तावडेच्या मनात झाला. तसा तिचा हात आधीपासून या बाबतीत चांगला बसलेला. दूधवाल्याने जास्त हसून बघितलं तर ही दूध दोनदा उकळते. हिचा नवरा परेश सांगतो, ही देवळात गेली तर एक डोळा देवावर आणि एक चपलांवर ठेवून नमस्कार करते. माहेर डोंबिवलीचं, सासर कोकणातलं पण तेही फक्त गणपतीपुरतं, नोकरी अंधेरीच्या विमा कंपनीत. तिथे दिवसभर लोकांचे क्लेम वाचायचे आणि त्यात खोटं कुठे आहे ते शोधायचं, हेच काम. आठवड्यातले दोन दिवस घरून. त्या दोन दिवसांत विमा कंपनीचं निम्मं आणि बिल्डिंगीचं दीडपट काम होतं.

तर या संपदाच्या लक्षात आलं, ते असं. दुपारी तीन वाजले की यमुनाबाई जिन्याखालच्या खोलीबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसते. वय त्र्याहत्तर, उंची बेताची, अंगात गोल पातळ, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यामुळे एक डोळा मायाळू आणि दुसरा जरा जास्तच चकचकीत. शाळेच्या बस आल्या की मुलं घरी जायच्या आधी तिच्याकडे थांबतात. मग दार लोटलं जातं. आतून मुलांचा एकसुरात आवाज येतो. शब्द कळत नाहीत, पण ताल कळतो. दहा मिनिटांनी दार उघडतं आणि एखादं पोर दप्तर पुढून छातीशी धरून, इकडेतिकडे बघत वर पळतं. मग यमुनाबाई उठते आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने एक रेघ मारते.

संपदाने एकदा कचऱ्याचा डबा ठेवायच्या निमित्ताने खाली जाऊन रेघा मोजल्या. सतरा.

“सतरा काय?” परेशने विचारलं.

“तेच तर! सतरा काय?”

“अगं, म्हातारी आहे. औषधाच्या गोळ्या मोजत असेल.”

“दारावर?”

परेशने बूट काढायला घेतले. तो संध्याकाळी सात पस्तीसला घरी येतो, त्याच्याकडे कशालाच उत्तर नसतं.

खोलीची भानगड वेगळीच होती. मोगरा हाइट्स ज्या जागेवर उभी आहे ती यमुनाबाईच्या सासरची वाडी. आज जिथे वॉचमनची केबिन आहे तिथे विहिरीचा काठ होता. लिफ्ट जिथे अडकते तिथे एक नारळ होता, तोही म्हणे मधेच वाकडा वाढलेला. मुलाने, शत्रुघ्नने, बारा वर्षांपूर्वी वाडी बिल्डरला दिली. बदल्यात दोन फ्लॅट मिळाले. एकात यमुनाबाई, मुलगा आणि सून, दुसऱ्यात भाडेकरू. वाडीतल्या घरातलं सामान मात्र फ्लॅटात मावेना. तेव्हा बिल्डर हसून म्हणाला होता, “आजी, जिन्याखाली ठेवा की. कोण विचारतंय!” हे तो तोंडाने म्हणाला. कागदावर काही म्हणाला नाही. आणि बिल्डर एकदा गेला की त्याच्या तोंडचं कुणाला आठवतं?

तीन आठवड्यांपूर्वी सेक्रेटरी संग्राम मोहिते यांना ती खोली आठवली. साताऱ्याकडचा गडी, शिस्तीचा, बोर्डावर नोटीस लावताना चारही कोपऱ्यांना टाचणी लावणारा. नोटीस अशी: जिन्याखालच्या खोलीत पार्सल रूम करण्यात येईल. रविवारी सकाळी अकराच्या मीटिंगआधी संबंधितांनी आपले सामान हटवावे, अन्यथा ते भंगारात देण्यात येईल.

शत्रुघ्नने आईला वाचून दाखवली. “आई, घरात जागा कुठाय? देऊन टाकू.”

यमुनाबाई काही बोलली नाही. खरं म्हणजे बिल्डिंगीला संशय इथेच यायला हवा होता. ज्या बाईने लिफ्टमध्ये कुणी पायाने बटन दाबलं म्हणून सात मजल्यांना ऐकू जाईल असं भांडण काढलं होतं, ती आपल्या पन्नास वर्षांच्या संसाराला भंगार म्हटल्यावर गप्प बसते? पण कुणाला काही वाटलं नाही. उलट संग्रामभाऊ म्हणाले, “आजी समजूतदार आहेत.”

शुक्रवारी संपदाला ती वस्तू सापडली.

ज्ञानदाच्या, म्हणजे तिच्या आठ वर्षांच्या मुलीच्या पलंगाखाली झाडू घालताना तो कशाला तरी थडकला. वाकून बघितलं तर बूट ठेवायच्या खोक्यात एक बाळ झोपलेलं. मग दिसलं, बाळ नाही, दगड आहे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, काळा. त्याला जुनी कापडी कुंची बांधलेली. कपाळ असतं तिथे हळदकुंकू. त्याखाली काजळाने काढलेले दोन डोळे. आणि ते उघडे!

ती पलंगावर चढून बसली. खाली तो खोका, वर ही. मग मोबाइल काढला, लांबूनच फोटो घेतला आणि ‘मोगरा लेडीज’ ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, “हे ज्ञानूच्या बेडखाली मिळालं. कोणाला काही माहीत आहे का?”

पहिल्या मिनिटात तेरा जणींनी हात जोडले. दुसऱ्या मिनिटात कुणीतरी लिहिलं, “हात लावू नका.” तिसऱ्या मिनिटाला ‘करणी’ हा शब्द आला. चौथ्याला एकीच्या आत्याच्या गावाला असंच झालं होतं आणि त्यांची म्हैस आटली होती. कुणीतरी विचारलं, “मॅम, हा अँटिक पीस आहे का? विकायचाय का?” सातव्या मजल्यावरून मीठमोहरीचा फोटो आला. वेळ बघा, सकाळचे अकरा. निम्म्या बायका ऑफिसात होत्या, आणि त्या सगळ्या कामात होत्या असं त्यांच्या साहेबांना वाटत होतं.

तीन वाजता ज्ञानदा आली. आज ती थेट वर आली, कारण आई गेटवर उभी होती.

“हे काय आहे?”

ज्ञानदाने खोक्याकडे बघितलं, मग आईकडे. “तू उघडलंस?”

“हे कुणी दिलं?”

“आजीने. पण रविवारपर्यंत सांगायचं नव्हतं.”

“का?”

“ते पण रविवारपर्यंत सांगायचं नाही.”

“ज्ञानू, मला राग येतोय हां. हे काय आहे ते सांग.”

पोरगी पलंगावर मांडी घालून बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते भाव आले जे शाळेतल्या बाईंच्या चेहऱ्यावर असतात. “आधी तू नाव सांग.”

“कशाचं?”

“याचं. नाव सांग, मग देते.”

“दगड!”

“चूक.”

“देव?”

“चूक. मम्मी, लास्ट चान्स.”

स्वतःच्या मुलीने, स्वतःच्या घरात, एका डोळे वटारलेल्या दगडाचं नाव आपल्याला विचारावं आणि आपल्याला येऊ नये! आणि ज्याचं नाव घेतल्यावर मिळतं अशी वस्तू असते तरी कसली? तिने ऐकलं होतं, अशा गोष्टींत नावालाच महत्त्व असतं.

इथे थोडं मागे जाऊन एक गोष्ट सांगायला हवी. ती संपदाने ग्रुपवर टाकली नव्हती. दोनेक महिन्यांपूर्वी ज्ञानदाच्या मराठीच्या पेपरात चित्रं ओळखायची होती. तिने फुंकणीला बासरी लिहिलं होतं. शिंक्याला कुंडी टांगायची दोरी. रवीला हँड ब्लेंडर. सुपाला कचरा भरायचं. तशी एकही गोष्ट अगदी वेडगळ नव्हती, डोकं चाललं होतं पोरीचं. पण गुण शून्य. खाली बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, ‘पालकांनी घरातील वस्तू दाखवून ओळख करून द्यावी.’ संपदाने सही केली. घरात दाखवायला होतं काय? एअर फ्रायर. ती म्हणाली, “रविवारी बघू.” चार रविवार गेले.

पाचव्याची वाट न बघता ज्ञानदा खाली गेली; तिने कुणाला विचारलं ते बिल्डिंगीला अजून कळायचं होतं.

शनिवारी सकाळी संपदा रस्ता ओलांडून लुसी तुस्कानोकडे गेली. लुसीआंटीचं कौलारू घर आणि पुढची केळी अजून शाबूत. यमुनाबाईची आणि तिची मैत्री पन्नास वर्षांची. संपदाने आधी केळफुलाची चौकशी केली, मग आंटीच्या गुडघ्यांची, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “आंटी, यमुनाआजींचं आधीपासून काही... असं काही होतं का?”

लुसीआंटी केळीच्या सोपटाची दोरी वळत होती. तिने वर बघितलं. बाईला कुणीतरी काहीतरी काढून घ्यायला आलंय हे कळलं, आणि तिला मजा वाटली.

“व्हतं ना,” ती म्हणाली.

संपदा खुर्चीच्या टोकावर सरकली.

“तिच्या नवऱ्याचंच व्हतं खरं. आत्माराम. तो गेला, ते तिच्याकडे आलं.”

“काय आलं?”

“बस तं खरी, सांगते.”

आणि मग लुसीआंटीने सांगितलं. यमुना आगाशीची. सुकेळी करणाऱ्या घरातली. राजेळी केळी उन्हात वाळवून सोपटात बांधताना तिची बोटं इतकी चालायची की लग्न ठरवायला आलेल्या सासूने चेहरा नंतर बघितला, हात आधी. उमेळ्याला आली तेव्हा वाडीत मोगरा होता. पहाटे कळ्या काढायच्या, केळीच्या पानात पुडे बांधायचे आणि दादरच्या बाजारात पाठवायचे. लुसी पलीकडच्या वाडीतली. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना बसून पुडे बांधायच्या आणि दोन्ही घरच्या सासवांची उणीदुणी काढायच्या. आत्माराम चुरी बोलायला कमी. पण त्याच्या पडवीत नसेल अशी वस्तू गावात नव्हती. कोयते, विळे, परड्या, कंदील, मापं, उखळ, मुसळ, रहाटाची गाडगी. कुणाकडे लग्न निघालं, मयत झाली, घर शाकारायला घेतलं की माणूस चुरीच्या पडवीत. आणि मागून काय, तर ‘जरा ते द्या’! ते म्हणजे कुठलं? आत्मारामने कोयता दिला तर म्हणायचे, हे नव्हे, ते. चार फेऱ्या व्हायच्या. शेवटी त्याने नियम केला. नाव सांग, घेऊन जा. नाव आलं नाही तर पाटलाला पण मिळायचं नाही.

“एकदा गावात नवीन आलेला मास्तर दोन तास उभा व्हता,” लुसीआंटी म्हणाली. “त्याला चाळन पायजे व्हती. शेवटी मीच कुंपनावरून सांगितलं, बोल चाळन म्हनून!”

“म्हणजे नाव घेतल्यावरच वस्तू द्यायची,” संपदा हळू म्हणाली. “आणि आता आजी पण तेच करतात.”

“करते तं.”

“मुलांना.”

“मोठ्यांना कुनाला येतात गो नावं?”

संपदाला यात सरळ काही दिसलंच नाही. नवऱ्याकडून बायकोकडे आलेलं. नावाशिवाय न चालणारं. रविवारपर्यंत गुप्त ठेवायचं. दारावर रेघा, आता एकवीस! तिने उठता उठता विचारलं, “आंटी, आणि दगडाला कुंची घालून, डोळे काढून... ते कशाला?”

लुसीआंटीची दोरी थांबली. तिने संपदाकडे नीट पाहिलं, आणि तिच्या पोटात कुठेतरी हसू हललं. पण ती बाई काही कमी नाही. म्हणाली, “ते मी नाय सांगनार. उद्या चर्चात मिस्सा आटोपून मी मीटिंगला येते. तिथंच बघू.”

रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. एरवी पाण्याच्या टँकरच्या मीटिंगला सहा जण येतात; आज पन्नास. गेटबाहेर भंगारवाल्याचा टेम्पो आधीच येऊन उभा होता. संग्रामभाऊंची शिस्तच तशी. यमुनाबाई आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, खोलीच्या दाराला पाठ लावून. बाजूला लुसीआंटी, अजून चर्चच्या साडीत. मुलं एका कोपऱ्यात भलत्याच शहाण्यासारखी उभी होती. शहाणी मुलं दिसली की मोठ्यांनी सावध व्हावं, पण कोण होणार?

“आजी, सामान काढलंत का?” संग्रामभाऊंनी विचारलं.

“काढलं.”

“सगळं?”

“एक ऱ्हायलंय. जड हाय.”

संग्रामभाऊंनी दार ढकललं. खोली रिकामी. झाडून लख्ख. मधोमध फक्त एक चौकोनी काळा दगड, अंगभर टाकीचे घाव घातलेला, पाठीसारखा पसरलेला. आणि दारावर खडूच्या एकवीस रेघा.

“मग बाकीचं गेलं कुठे?” शत्रुघ्नच दचकून म्हणाला. त्याच्या आईने त्यालाही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात संपदा पुढे झाली. तिच्या हातात खोका होता, आणि खोक्याखाली दुहेरी वर्तमानपत्र, हात लागू नये म्हणून. “मी सांगते कुठे गेलं. आमच्या घरात! माझ्या मुलीच्या पलंगाखाली!” तिने झाकण उचललं. पन्नास माना पुढे आल्या आणि पन्नास पावलं मागे गेली. “आजी, मला सगळ्यांसमोर उत्तर पाहिजे. आम्ही तुमचं काय वाकडं केलं होतं?”

यमुनाबाईने खोक्यात पाहिलं. चकचकीत डोळा अजूनच चकचकला.

“नाव सांग,” ती म्हणाली. “मग सांगते.”

“बघा! बघा, हेच!” संपदा सगळ्यांकडे वळली. “मुलीला पण हेच शिकवलंय!”

“बत्ता,” गर्दीतून परेश चाचरत म्हणाला. नवरा म्हणून काहीतरी करायला हवं होतं.

“खलबत्ता,” संग्रामभाऊंनी दुरुस्ती केली.

“लिंग आहे का?” कुणीतरी चपला काढत विचारलं.

आणि मग कोपऱ्यातल्या एकवीस पोरांनी एका सुरात, पार्किंगच्या छताला धडकेल असं उत्तर दिलं, “वरवंटा!”

“काम काय?” यमुनाबाईने विचारलं.

“पाट्यावर वाटतो! बारशाला बाळ होतो!”

संपदा गोंधळली. वरवंटा हा शब्द तिला ठाऊक होता, चांगला ठाऊक होता. वर्तमानपत्रात दर महिन्याला येतो, अतिक्रमणांवर वरवंटा. तिची आजवर समजूत होती की ते महापालिकेकडचं पिवळं यंत्र असतं.

“अगो बाय,” लुसीआंटी आता मात्र राहवेना म्हणून उठली. “बारशाला पाळन्यात पोर घालायच्या आधी याला घालतात. कुंची बांधून, काजळ भरून. एकीने पाळन्याच्या वरून द्यायचा, दुसरीने खालून घ्यायचा. पोर दगडासारखं टनक व्हावं म्हनून. तुझ्या पोरीच्या बारशाला कोनता व्हता मग? मी व्हते ना तिथं, बुंदी खाल्ली मी तुझी!”

“आमच्याकडे तो... तो हॉलवाल्यांनी आणला होता.”

“हॉलवाल्यांनी?” यमुनाबाई पहिल्यांदा जरा चिडली. “तुझी सासू आलती माझ्याकडे. पडवीतला मागतात तसा मागितला. नाव घेऊन.”

संपदाने मोबाइल काढला. आठ वर्षांपूर्वीचे फोटो शोधायला वेळ लागतो. पन्नास माणसं थांबली. मग बोट थांबलं. फोटोत संपदा स्वतः, हिरव्या साडीत, डोक्यावर पदर, पाळण्यावरून काहीतरी पलीकडे देते आहे. कुंची. कुंकू. काजळाचे दोन डोळे, उघडे. घेणाऱ्या बाईचा चेहरा फोटोत कापला गेला होता, पण हात दिसत होते. सुकेळी बांधता बांधता चुरी घराण्यात आलेले ते हात.

ज्ञानदा आईच्या कोपराखालून डोकावली. “मी सांगितलं होतं आजीला, माझ्या बारशाला होता तसाच करून दे. तर तिने अंकलची लहानपणीची टोपी घातली त्याला.” शत्रुघ्न अंकल खाली बघायला लागले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी ज्ञानदा पेपर घेऊन खोलीत आली होती. यमुनाबाईने तिला रवी दाखवली, नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि ती हातात घेऊन पोरगी ज्या तऱ्हेने घुसळायला लागली ते बघून म्हातारीच्या डोक्यात आलं, हे सगळं टेम्पोत कशाला जायला हवं? दुसऱ्या दिवशी ज्ञानदाने कल्पेशला आणलं, कल्पेशने नताशाला. नियम जुनाच. ज्याला नाव येईल आणि काम सांगता येईल, त्याला ती वस्तू कायमची. रविवारपर्यंत लपवायची, नाहीतर आईबाप परत आणून देतील. अडकित्ता कल्पेशचा. पायलीचं माप नताशाचं. त्यात ती खडू ठेवते. फुंकणी पाचव्या मजल्यावर. सूप, शिंकं, रोवळी, कंदील, सगळं ज्याच्या त्याच्या पलंगाखाली. ज्ञानदाने रवी हातची सोडून वरवंटा मागितला. आणि रोज दुपारी उजळणी: रवी घुसळते, सूप पाखडतं, अडकित्ता कातरतो. संपदाला ऐकू आलेला ताल तो हाच.

संग्रामभाऊंना मात्र शिस्त सुटेना. त्यांनी घसा खाकरला. “ते सगळं ठीक आहे. पण ठराव ठराव असतो. मंडळी, जे जे आलंय ते खाली आणा, टेम्पो उभा आहे. उगाच घरात जुनं लोखंड कशाला?”

मुलांचे चेहरे पडले. यमुनाबाई खुर्चीवरून उठली. ती एकटक संपदाच्या हातातल्या खोक्याकडे बघत होती, कारण टेम्पोच्या सगळ्यात जवळ संपदाच उभी होती. तिने टाकलं असतं तर मागून पन्नास जणांनी टाकलं असतं. बिल्डिंग म्हणजे बिल्डिंग.

संपदाने एकदा टेम्पोकडे पाहिलं. सवयीने तिला भंगारवाल्याच्या काट्याचाही संशय आला. मग तिने खोक्याखालचं वर्तमानपत्र काढून फेकलं, वरवंटा कुंचीसकट उचलला आणि बाळाला घेतात तसा खांद्याशी धरला. चांगलाच जड होता.

“आमचा कुठेही जाणार नाही,” ती म्हणाली. “परेश, तो खालचा दगड पण घे.”

“कुठला?”

“ते... ते जे आहे ते!”

“पाटा, मम्मी,” ज्ञानदाने हळूच सांगितलं.

“पाटा. पाटा घे. नुसता वरवंटा घेऊन काय डोक्यात घालायचा?”

“अगं, लिफ्ट बंद आहे!” परेश कळवळून म्हणाला. पण शत्रुघ्न आधीच एका बाजूने वाकला होता. कल्पेशची आई पोराला घेऊन निघाली ती टेम्पोच्या नव्हे, जिन्याच्या दिशेने, जाता जाता विचारत होती, “सुपारी कुठे मिळते रे आता?” दोन मिनिटांत पार्किंग निम्मं रिकामं झालं. भंगारवाल्याने टेम्पो सुरू केला आणि न सांगता निघून गेला.

यमुनाबाईने पातळाच्या ओच्यातून खडू काढला. दारावर बाविसावी रेघ मारली, हात झटकले आणि खोलीची किल्ली संग्रामभाऊंच्या तळहातावर ठेवली.

त्यांना किल्ली मिळाली, खोली मिळाली, पण हरल्यासारखं वाटत होतं, आणि का ते कळत नव्हतं. किल्ली मुठीत धरून ते म्हणाले, “म्हणजे आजी, न विचारता तुम्ही तुमचं सामान आमच्या घरांत घुसवलंत! निदान एक मीटिंग तरी बोलवायची.”

यमुनाबाईने प्लास्टिकची खुर्ची उचलून काखोटीला मारली.

“माझ्या वाडीत तुमची सव्वीस घरं घुसली, तवा मी मीटिंग बोलावली नव्हती.”